उलाळ मोटार

गुणवंतरावांची मोटार दोन वर्षांपासून गायीच्या कोठ्यात राहत होती आणि गाय आंब्याखाली. बांबूच्या ठेकेदारानं कुरखेड्याकडचं जंगल सोडलं, तेव्हा जाता जाता ही जुनी फोर्ड त्यानं आपल्या ड्रायव्हरच्या, म्हणजे गुणवंतरावांच्या गळ्यात मारली. गुणवंतरावांना ते बक्षीस वाटलं. माणसं बसवून वडशाच्या ठेसनावर न्यायची, असा त्यांचा बेत होता. पण नाल्याच्या रेतीत मोटारीची चाकं जागच्या जागी फिरत आणि बसलेल्यांना उतरून ढकलावं लागे. त्यामुळे माणसं पुन्हा बैलबंडीनंच जाऊ लागली. मग ढकलायला एकट्या सुगंधाबाई, गुणवंतरावांच्या बायको, उरल्या.

पौषाच्या थंडीत गाय उघड्यावर कुडकुडते हे त्यांना बघवेना. शेवटी त्यांनी निकालच लावला. गावच्या शंकरपटात मोटार भैयाजी पाटलांच्या बैलजोडीसोबत पळवा. जिंकली तर कोठा तिचा, हरली तर ती भंगारात आणि गाय घरात. गुणवंतरावांनी मिशीवर हात फिरवून हो म्हटलं.

शंकरपट म्हणजे धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत बैलजोड्यांची सरळ शर्यत. झेंडी पडली की सुसाट सुटायचं, वळण नाही की थांबणं नाही. दाण, म्हणजे धावेची पट्टी, इतकी आखूड असते की सुरुवातीला जो चुकला तो संपला. मोटार वेग धरेपर्यंत बैल पलीकडे पोचून शेपट्या हलवत असतात.

गुणवंतरावांनी दसरू लोहाराला बोलावलं. गावातल्या निम्म्या बंड्यांचे आस दसरूच्या हातचे, आणि बंडीवाल्याला सगळ्यात मोठी भीती उलाळ होण्याची. मागं भार जास्त झाला की जू वर उचलतं आणि बैलांच्या मानेला फास बसतो. दोघांनी विचार केला, मोटारीचं इंजिन म्हणजे तिचे बैल, आणि ते पुढं आहेत, तेव्हा भारही पुढंच हवा. दसरूनं पुढच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, एक जादा पाटा घालून ती कडक केली, वर बंपरला रेतीचं पोतं बांधलं. मोटार शिंगं रोखल्यासारखी नाक खाली घालून उभी राहिली. दोघंही खूश झाले.

पटाच्या पहिल्या दिवशी झेंडी पडली. भैयाजींची जोडी सुटली. मोटारीची मागची चाकं जागीच गरागरा फिरली आणि लोकांच्या ठेवणीतल्या धोतरांवर माती उडाली. ती हलली तेव्हा बैलांची पाठ थोपटून झाली होती. सारा पट हसला. भैयाजी मनाचे मोकळे, म्हणाले, लोकांच्या डोळ्यांत माती गेली, कोणाला काही दिसलं नाही, आजची धरू नका. उद्या पुन्हा पळवा.

सुगंधाबाई हसल्या नाहीत. मागच्या चाकांनी खणलेल्या दोन खड्ड्यांपाशी त्या उभ्या राहिल्या. असले खड्डे त्यांनी नाल्यात शंभरदा पाहिले होते, ढकलताना नाकासमोर तेच असायचे.

"बैल पुढं नाईत," त्या म्हणाल्या. "रेटा देते मागचे चाकं. मंग त्याईले हलकं करून काऊन ठेवलं?"

"मोटार उलाळ होईन, वहिनी," दसरू म्हणाला.

"होऊ द्या. इथी कोनाची मान आहे जुवात?"

दसरूनं पोतं सोडलं, घातलेला पाटा काढून मागच्या कमानीत बसवला, म्हणजे भार पडला तरी बॉडी चाकाला घासणार नाही. पुढची कमान सैल केली, म्हणजे नाक सहज उचलेल. मागच्या सीटवर रेतीचं पोतं ठेवून पाहिलं, तर ते घरंगळून खाली आलं. तेव्हा सुगंधाबाई पदर खोचून स्वतः मागं बसल्या. त्या अंगानं भरल्या होत्या, आणि त्याबद्दल त्या दिवसापुरतं कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी झेंडी पडली आणि मोटारीनं नाक वर केलं. चाकांनी माती धरली. सुगंधाबाई सीटला चिकटल्या. मोटार आणि जोडी बरोबरीनं धावली, अगदी शेवटच्या मेरेपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत. तिथं बैलांनी मान लांबवली आणि एका शिंगानं मोटार हरली.

गुणवंतरावांनी इंजिन बंद केलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "कोठा मोकळा करतो," ते म्हणाले. शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला.

सुगंधाबाईंनी आधी केस सारखे केले. जन्मात इतक्या जोरात त्या कधी गेल्या नव्हत्या, आणि ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"दसरूभाऊ, पुढचा अजून एक पाटा काढता येते का?"

"येते नं."

"मंग काढा. पटाचा एक दिवस बाकी आहे. उद्या शेजारच्या मंगलीलेही संगं बसवतो."

गुणवंतराव वळून बघतच राहिले. त्यांनी भीतभीत गायीची आठवण करून दिली.

"तिची सोय मले समजते," सुगंधाबाई म्हणाल्या. "गाडी सुरू करा."

त्या संध्याकाळी आंब्याखाली गायीसाठी चारी बाजूंनी झाकलेला, उबदार मांडव उभा राहिला. त्याचे बांबू आणि धानाचं तणीस नाल्यापलीकडून आले होते, मोटारीतून, आणि रेतीत एकदाही कोणाला उतरावं लागलं नव्हतं.