गुडघ्याखालची उशी

अरे, काल काय झालं माहितीये? थांबा, आधीपासून सांगतो, नाहीतर मजा जाईल.

मला हिमोफिलिया आहे, रक्त पटकन थांबत नाही, हे तुम्हाला माहितीये. पण ते कधीकधी सांध्याच्या आतच साठतं रे! तसं या गुडघ्यात झालं. फुगून टम्म! इंजेक्शनं घेऊन सूज उतरली, दुखणं गेलं, पण पाय काही सरळ होईना. तुम्ही नाही का बगळा म्हणायला लागलात! डॉक्टर म्हणाले, व्यायाम करून बघू, नाहीतर प्लास्टर घालून हळूहळू सरळ करावा लागेल. माझी तर टरकलीच.

मग फिजिओ ताई. कसली भारी आहे ती! मी व्यायामाच्या तयारीत, आणि ती विचारते, "झोपतोस कसा?"

आईच कौतुकाने म्हणाली, "गुडघ्याखाली मऊ उशी देते मी. एक दिवस चुकवलं नाही!"

"काकू, तीच उशी पाय वाकवून ठेवतेय."

आईचा चेहरा असा पडला ना! "म्हणजे मीच केलं हे?"

"अहो, दुखत होतं तेव्हा उशी कोण देणार, शेजारीण? तेव्हा त्याला आराम मिळाला. आता काढायची. आणि पुढचं कामही तुमचंच." तिने आईचा तळहात माझ्या गुडघ्याखाली सरकवला. "हं, हिरो, गुडघ्याने आईचा हात दाब. हळू! कुस्ती नाहीये. दुखलं की थांबायचं."

मग रोज तेच. आई भाजी चिरता चिरता उठून यायची, "दाब रे राजा." सुरुवातीला खालून हात काय, मांजर गेलं असतं! मी वैतागून जोर करायला गेलो की तीच डोळे वटारायची.

आणि काल, ताईसमोर, दाबला तर आई ओरडली, "अगं बाई, हात निघेना!"

ताईने लगेच डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाय नीट बघितला आणि म्हणाले, "प्लास्टर कॅन्सल!"

मी ताईला थँक्यू म्हणायला तोंड उघडलं आणि भोकाडच पसरलं. हसू नका रे! आईपण सुरू.

ताई म्हणाली, "रडायचं असेल तर बाहेर जा दोघं, माझा पुढचा पेशंट पळून जाईल!" पण तिचेही डोळे भरले होते, मी बघितलं.

मग काय, आम्ही बाहेर बाकावर बसून निवांत रडलो. इतकं छान वाटत होतं ना!