पितळी स्टोव्हची साक्ष

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट एका पितळी स्टोव्हची आहे, आणि एकाच माणसाबद्दल त्याने दोनदा दिलेल्या साक्षीची. मोठी नाही, पण निवांत ऐकायची आहे.

कारागिराने पंपाची दांडी ओढली आणि दाबली. टाकीत हवा शिरल्याचा ओला, दबका आवाज आला. टेबलाच्या पलीकडे आई आणि मुलगी उभ्या होत्या. स्टुलं रिकामी असूनही दोघी बसल्या नव्हत्या.

स्टोव्ह लहानसा होता, घडीच्या पायांचा, पत्र्याच्या डब्यात मावणारा. पाठीवरच्या पिशवीत घालून डोंगरावर न्यायचा. असले जुने स्टोव्ह उघडून, धुऊन, गळके सांधे झाळून पुन्हा चालते करायचे हाच कारागिराचा धंदा. सुटीत तो स्वतःही एखादा घेऊन रानात जाई, आणि त्यावर चहा करून प्यायल्याशिवाय दुरुस्ती पुरी झाली असं मानत नसे. पण ह्या दोघींना दुरुस्ती नकोच होती.

"उघडू नका, काही बदलू नका," मुलीने आल्या आल्या बजावलं होतं. "आहे तसा पेटतो का, तेवढंच बघा."

बर्नरखालच्या वाटीतलं स्पिरिट जळत आलं. त्याने आणखी हवा भरली, चावी फिरवली. ज्योत आधी पिवळी भडकली, मग आवरून निळी झाली आणि घरघरत उभी राहिली.

"पेटतो की," कारागीर कौतुकाने म्हणाला. "इतकी वर्षं पडून होता म्हणता, आणि बघा, कुठे कुरकुर नाही."

आई मुलीकडे वळली. "झालं समाधान?"

मुलगी ज्योतीकडे बघत राहिली. "काका, विझवून परत एकदा पेटवाल?"

"परत पेटवला म्हणून तुझे बाबा खरे होणार आहेत का?" आई म्हणाली.

कारागिराने चावी बंद केली. हे आपल्या कामाचं बोलणं नाही म्हणून तो फडकं शोधायला लागला. पण आईनेच त्याला सांगितलं. खूपदा सांगून झालेली गोष्ट सांगतात तशी, कोरडेपणाने. तिचा नवरा आणि तिचा धाकटा भाऊ, दोघे बर्फाच्या डोंगरावर गेले होते. वर तंबूत भावाच्या छातीत पाणी भरलं, त्याला उठवेना. नवरा त्याला तिथे ठेवून एकटा खाली उतरला. माणसं घेऊन वर पोचला तोवर भाऊ गेला होता. नवऱ्याचं म्हणणं एकच, स्टोव्ह पेटला नाही. बर्फ वितळवता येईना, प्यायला घोटभर पाणी नाही, खाली जाण्यावाचून इलाज नव्हता.

"घरी आल्यावर हाच स्टोव्ह मी ओट्यावर ठेवला," आई म्हणाली. "त्यांच्यादेखत पेटवला. आत्ता पेटला तसाच पेटला. म्हटलं, आता बोला. तर मान खाली घालून बसले."

"काहीच बोलले नाहीत?" कारागिराने विचारलं.

"खोटं उघडं पडलेला माणूस काय बोलणार? पुढे मी संसार केला, लोक करतात तसा. जेवायला वाढलं, आजारपणात उशाशी बसले. पण हसून बोलायचं राहिलंच. माझ्या माहेरी तर त्यांचं नावच पडलं, पळपुटे भावजी."

"बाबा मागच्या महिन्यात गेले," मुलगी म्हणाली. "मामाच्या घरचं कुणी फिरकलं नाही. म्हणून म्हटलं, एकदा जाणत्या माणसाला दाखवू."

"दाखवला. जाणत्याने सांगितलं." आईने पर्स खांद्याला लावली. "हा आता आमच्या घरात नको. विका, नाहीतर वितळवा."

आई पायऱ्या उतरली. मुलगी दारात घुटमळली.

"काका, बाबांना पत्त्यांत लबाडीसुद्धा जमायची नाही. लगेच कान लाल व्हायचे. ह्या स्टोव्हचा विषय निघाला की मी मुद्दाम त्यांचे कान बघायची." ती थांबली. "नाही व्हायचे लाल."

त्या गेल्या. वितळवायला कारागिराचं मन होईना. विकायचा तर निदान आतून पुसून द्यावा म्हणून त्याने पंप बाहेर काढला, आणि त्याचा हात थांबला.

असल्या पंपाच्या दांडीला टोकाशी वाटीच्या आकाराचं चामडं असतं. दांडी दाबली की त्याच्या कडा फुलतात आणि नळीतली हवा टाकीत ढकलली जाते. इथे चामडं नव्हतं. जाड काळ्या रबराची वाटी होती, कुणी तरी हाताने कापून, कडा घासून बसवलेली. काम सुबक होतं. त्याने अंगठ्याने कड दाबली. मऊ होती.

तो बराच वेळ दाबत राहिला. टेबलाला लागूनच झाळायची भट्टी होती. आजवर दुकानात आलेल्या प्रत्येक स्टोव्हचा निवाडा त्याने ह्याच उबेत केला होता.

शेजारी आइस्क्रीमचं दुकान होतं. तो तिकडे गेला.

"तुमच्या मोठ्या फ्रीझरमध्ये थोडी जागा आहे?"

"काय ठेवायचंय?"

"स्टोव्ह."

आइस्क्रीमवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. "ठेवा की. उद्या मी तुमच्या भट्टीत दोन कुल्फ्या ठेवतो, म्हणजे फिटंफाट. रॉकेल तेवढं काढून आणा, नाहीतर गिऱ्हाइकं नवीन चव म्हणून मागत बसतील."

दुसऱ्या दिवशी स्टोव्ह बाहेर काढला तेव्हा पितळेवर पांढरा थर धरला होता. कारागिराने तिथेच उभ्या उभ्या दांडी ओढून दाबली. रिकाम्या ग्लासात चमचा खालीवर व्हावा तशी ती फिरली. हाताला अडथळा नाही, टाकीत हवेचा आवाज नाही. त्याने पुन्हा दाबून पाहिलं, मग पुन्हा.

"बिघडला का?" आइस्क्रीमवाल्याने विचारलं.

"नाही," कारागीर म्हणाला. "मीच घाई केली."

थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात पुरून तो स्टोव्ह घेऊन त्या दोघींच्या घरी गेला. दार आईने उघडलं. खोक्याकडे पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"गिऱ्हाईक मिळालं नाही वाटतं."

"एकदा तुम्ही स्वतः दांडी दाबून बघा. मग मी जातो."

त्याने जेवायच्या टेबलावर स्टोव्ह ठेवला. मुलगी आतून आली. आईने दांडी ओढली, दाबली, पुन्हा ओढली. घरात ह्या स्टोव्हवर तिने पूर्वी कितीदा दूध तापवलं होतं. पंपाला हवा धरतेय की नाही हे तिच्या हाताला कळत होतं.

"आत रबर आहे," कारागीर म्हणाला. "कडक थंडीत ते लाकडासारखं होतं, हवा धरत नाही. उबेत आलं की पुन्हा मऊ. म्हणून तुमच्या ओट्यावर पेटला आणि माझ्या टेबलावरही पेटला. मी चुकीच्या जागी तपासला, बाई. वर तो पेटला नाही हे खरं आहे. यजमान खरं बोलत होते."

मुलीने खुर्ची ओढली, पण बसायचं विसरली.

"काढून दाखवा," आई म्हणाली.

त्याने पंप उघडून ती काळी वाटी तिच्या तळहातावर ठेवली. कोटाच्या बटणासारखी कडक होती. आईने मूठ मिटली. जरा वेळाने तिने मूठ उघडली तेव्हा कड बोटाखाली वाकायला लागली होती.

"ही ह्यांनी नाही बसवली," ती म्हणाली.

कारागिराने पंपाची दांडी टेबलावर ठेवली.

"निघायच्या आदल्या दिवशी माझ्या भावाने बसवली. इथेच, ह्या टेबलावर. चामडं काढून केरात टाकलं. म्हणाला, भावजी, ही तुमच्या नातवंडांनाही पुरेल. हे म्हणाले, अरे, जुनं चामडं निदान बरोबर तरी असू दे. आणि मी म्हटलं…" तिने पदर सारखा केला. "मी म्हटलं, त्याला कळतं त्यातलं, तुम्ही मध्ये मध्ये करू नका."

"बाबांना ठाऊक होतं?" मुलीने कारागिराला विचारलं. "कशाने अडलं ते?"

त्याला उत्तर द्यायचं नव्हतं. पण धंद्यातली गोष्ट होती आणि त्याला ती खोटी सांगता येईना. "वर स्टोव्ह अडला की माणूस आधी पंपच उघडतो. चामडं असलं तर तेल चोळून चालू करता येतं. त्यांनी उघडला असणारच. आता बाईंच्या हातात आहे ती वाटी त्यांच्याही हातात आली असणार. मुठीत मऊ केली तरी गारठलेल्या नळीत शिरताच ती पुन्हा लाकूड होते."

"मग आईने ओट्यावर पेटवला तेव्हा एका वाक्याचं तर काम होतं. का नाही बोलले?"

"माझा भाऊ नुकताच गेला होता," आई म्हणाली. "तो स्वतःच्याच हाताने बसवलेल्या वाटीपायी गेला, हे मला कुठल्या तोंडाने सांगणार होते ते?"

मुलीने टेबलावरचा फोन उचलला. "मामींना सांगते. आत्ताच्या आत्ता."

आईने तिच्या मनगटावर हात ठेवला. "नको."

"आई, तिकडे अजून त्यांना पळपुटे म्हणतात."

"म्हणू देत. मरेपर्यंत ह्यांनी माझ्या भावाचं नाव घेतलं नाही. आता मी घेऊ?"

मुलीने हात सोडवून घेतला. "हे तू बाबांसाठी करतेयस की मामासाठी?"

आईने वाटी पुन्हा मुठीत धरली. खोक्यातल्या बर्फाचं पाणी टेबलावर ओघळत होतं, पण पुसायला कुणी उठलं नाही. कारागीर न सांगताच निघून गेला. मुलीने फोन ठेवून दिला होता.

मंडळी, तिच्या माहेरी ही गोष्ट कधी पोचली नाही. तिथल्या बैठकीत तो माणूस आजही पळपुटाच आहे. तुम्ही मात्र ऐकलीत. म्हणून हात जोडून एवढंच मागतो: देवापुढे बसून आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की, बायकोने पेटवलेल्या ज्योतीसमोर खाली मान घालून बसलेल्या त्या माणसाचीही आठवण काढा. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. ज्याच्यापुढे बसलात, त्याला ठाऊक आहे.