पाचावरचं टिंब

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. घरातल्या कोपऱ्यात बसणारा नव्हे बरं का, बूथवरचा! जवळा बाजारच्या एस.टी.डी. बूथवर मी कित्येक वर्षं काढली. आज तुमच्या घरात माणशी एक फोन असतो, म्हणून माझी तेव्हाची ऐट तुम्हाला कळायची नाही. मोठमोठे बागायतदार माझ्यासमोर रांगेत उभे राहत, आणि मी कुणाचीच भीडभाड ठेवत नसे. लाइन लागली तर लागली, नाहीतर बसा वाट बघत!

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी लालचुटुक, गुळगुळीत होतो. फक्त पाचाच्या बटणावर एक बारीक टिंब वर आलेलं होतं. देखण्या चेहऱ्यावर पुटकुळी उठावी, तसं मला ते वाटे. ते कशासाठी आहे, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

१९९५ साली मी जवळा बाजारला आलो. तेव्हा हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, सगळा कारभार परभणीचा. बूथ मंजूर झाला होता शिरड शहापूरच्या राधिकाच्या नावावर. राधिका ही शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या नामाजींची लेक. लहानपणी गोवर आला आणि तिची दृष्टी गेली. पुढे ती अंधांच्या शाळेत शिकली, टेलिफोन चालवण्याचं शिक्षणही तिथंच घेतलं. अपंगांना असे बूथ देण्याची तेव्हा सोय होती, म्हणून तिला तो मिळाला.

पण नाव एकाचं आणि राज्य दुसऱ्याचं! मंजुरी राधिकाची, खुर्चीवर मात्र तिचा थोरला भाऊ परमेश्वर बसणार, असं घरात ठरूनही गेलं. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, कारण आसपास सगळीकडे असंच चालत होतं. राधिकाला कुणी विचारलंसुद्धा नाही. शेवटी तिनंच विषय काढला.

"बाबा, बूथ माझ्या नावाचा हाय. मीच बसते."

"माय, तुला दिसत न्हाई," नामाजी म्हणाले. "बाजारात ही गर्दी असती. काहून तकलीफ घेऊन राहिलीस? घरी सुखानं ऱ्हा."

"घरी बसून बसून आंग आंबलं, बाबा. एका बाजाराच्या दिवशी मला बसून बघू द्या. जमलं न्हाई तर पुन्हा बूथाचं नाव काढणार न्हाई."

नामाजींनी नाराजीनं का होईना, मान डोलावली.

पहिली अडचण मीटरची होती. त्यावर लाल आकडे उमटत, ते राधिकाला दिसणार कसे? गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या शिवहारनं डोकं चालवलं. त्यानं मीटरला एक छोटासा भोंगा जोडला. एक युनिट पडलं की तो 'टिक' करी. "आता कानानं मोज, बराबर हिशोब लागतो का न्हाई बघ," तो म्हणाला. राधिका इतकी हसली की मलाच भरून आलं.

आता परमेश्वराबद्दल सांगतो. तो वाईट नव्हता, उलट मला जिवापाड जपायचा. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नवी वस्तू घरात आली की आधी तिला झाकायचं. टीव्हीला झालरीचा पडदा, रेडिओला चामड्याची पिशवी, आणि नव्या सायकलच्या दांडीवरचा कागद तर आपोआप फाटेपर्यंत कुणी काढत नाही. त्यातून कापसाचा हंगाम सुरू झाला होता, जिनिंगचा बारीक कापूस हवेत उडत होता. बाजाराच्या आदल्या दिवशी परमेश्वरानं माझ्या बटणांवर जाड प्लॅस्टिक ताणून बसवलं आणि चारी कडांना चिकटपट्टी लावली. "आता कसा नव्यासारखा राहील!" असं म्हणून त्यानं मला थोपटलं. पाचावरचं टिंब त्या प्लॅस्टिकखाली पार गाडलं गेलं.

बाजाराचा दिवस उजाडला. राधिका खुर्चीवर बसली, नामाजी दाराशी उभे राहिले. पहिले आले तातेराव, चांगले जाणते शेतकरी. त्यांची लेक पुनम नाशिकला दिली होती, तिची खुशाली विचारायची होती. राधिकानं नंबर विचारून घेतला आणि तिची बोटं माझ्यावरून फिरू लागली. ती काहीतरी शोधत होती. ती टिंब शोधते आहे, हे मला तेव्हा कळलं! अहो, ज्याला मी पुटकुळी समजत होतो, ती तर खूण होती. मधलं बटण बोटाला सापडलं की बाकीची सगळी आपोआप सापडतात. अंध माणसालाही फोन लावता यावा, म्हणून कुणीतरी विचार करून ती ठेवली होती.

पण खूण हाताला लागेना. पहिला फोन चुकला. दुसऱ्या वेळी कोण जाणे कुठला दुकानदार बोलला आणि खेकसला. तिसऱ्यांदाही तेच.  माझ्यावर तिचा हात आज पहिल्यांदाच पडत होता, म्हणून या फोनला टिंबच नाही, अशी तिची समजूत झाली होती. पण तसं बोलावं, तर 'बघा, हिला जमत नाही' असंच सगळे म्हणणार, म्हणून ती ओठ घट्ट मिटून बसली.

रांगेतून कुणीतरी म्हणालंच, "आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं!"

मित्रांनो, माझ्या तारा जळाल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं. साऱ्या मुलखाचं बोलणं माझ्यातून जाई, आणि मला स्वतःला एक शब्द बोलता येत नव्हता.

"ऊठ, माय," नामाजी हळूच म्हणाले. "लोकं खोळंबून राहिले."

राधिका उठली. परमेश्वर खुर्चीवर बसला. आणि त्याच क्षणी बाहेरून फोन आला. मला एकच काम येतं, वाजण्याचं. मी जीव खाऊन वाजलो! राधिकाच्या बोटांनी घासून घासून चिकटपट्टीची एक कड सुटली होती. माझ्या घणघणाटानं ते प्लॅस्टिक टरटरू लागलं.

राधिका दारातून वळली. "भाऊ, हे काय वाजून राहिलं?"

"काई न्हाई, झाकण हाय. धूळ बसती म्हणून काल लावलं."

"अन् मला सांगितलं काहून न्हाई?"

 राधिका चाचपत पुढे आली, सुटलेली कड तिच्या नखाला लागली आणि तिनं ते प्लॅस्टिक टर्रकन ओढून काढलं. तिचं बोट पाचावर टेकलं. तिचा चेहरा असा उजळला, की मला माझ्या रंगाचा, आवाजाचा, कशाचाच इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मघाचा फोन तोवर बंद पडला होता. तो कुणाचा होता, आजवर कळलं नाही. पण त्या माणसाचं भलं होवो!

उभ्या उभ्याच तिनं नाशिकचा नंबर लावला आणि मला तातेरावांच्या हाती दिलं.

"पुनम? व्हय, मी बोलून राहिलो! बरी हायस ना लेकरा?" तातेराव बाजारभर ऐकू जाईल असे ओरडले.

मीटर टिकटिकत होता, राधिका मोजत होती.  नामाजींनी परमेश्वराच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ रे. तिची जागा हाय ती."

तिथून पुढची वर्षं माझ्या वैभवाची. 'राधिकाताईचा बूथ' अख्ख्या पंचक्रोशीत नावाजला. तीनचाकी सायकलवरून येणारा धर्मसिंग पायरीखालीच थांबे आणि रस्त्यावरून नंबर ओरडून सांगे. राधिकानं ती पायरी फोडून सिमेंटचा उतार करून घेतला. मग म्हातारी माणसंही त्या उतारावरून वर येऊ लागली, आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या बायाही.

पुढे एकदा जळबा नावाचे गृहस्थ नामाजींकडे सल्ला विचारायला आले. त्यांच्या लेकीच्या पायांत बळ नव्हतं, तिच्या नावावर त्यांना बूथ हवा होता.

"खुर्चीवर कोण बसणार?" नामाजींनी विचारलं.

"थोरलं पोरगं बसंल की."

"मंग आल्या वाटेनं जा. अन् पुन्हा यायचं तर लेकीला संगं घेऊन या. तिला कशी खुर्ची लागती, ते तिलाच इचारू."

राधिका मान खाली घालून हसली. मी मात्र उघड उघड फुगलो!

आता मोबाइल आले, बूथ बंद झाला. राधिका हिंगोलीच्या एका दवाखान्यात फोन सांभाळते आणि मी तिच्या घरी फळीवर असतो. मला पुन्हा जोडा, असं माझं म्हणणं नाही. माझी विनवणी निराळीच आहे. मित्रांनो, कुणासाठी काही आणाल, बांधाल, घडवाल, तर आधी ते त्याच्या हातात द्या आणि विचारा, "जमतं का?" तो 'नाही' म्हणाला, तर वस्तू बदला. माणसाला खुर्चीवरून उठवू नका.