कोठारातलं जेवण

डब्लिनचे हॅकेट नवरा-बायको दोन मुलींना घेऊन आमच्या गावाबाहेरच्या जमीनदाराच्या जुन्या घरात राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या गावाला जेवायला बोलावलं. घर आतून बघायला मिळेल म्हणून आम्ही गेलो.

आमच्या खापरपणज्यांच्या काळी आयर्लंडभर बटाट्याचं पीक कुजलं, त्या दुष्काळात या घराचं कोठार धान्यानं भरलेलं होतं. जमीनदारानं त्याला कुलूप घातलं आणि धान्य बोटीनं इंग्लंडला विकलं. आमची माणसं फाटकाबाहेर मेली. त्याच कोठारात आता हॅकेटनं टेबलं मांडली होती. ते गंजलेलं कुलूप भिंतीवर टांगून त्यावर दिव्याचा झोत सोडला होता.

"वातावरण आहे ना?" वाइनचा ग्लास घेऊन तो ज्याला त्याला विचारत होता. फिरत फिरत तो आमच्या गावातल्या सगळ्यात वयस्क बाई, पेग आजी, यांच्यापाशी आला. "आजी, उन्हाळ्यात इथं पाहुणे ठेवायचेत. एखादं भूतबीत दिसतं का हो? लोकांना आवडतं."

आजींनी ताटातलं मटण संपवलं, तोंड पुसलं.

"नाही रे बाबा. उपाशी मेलेल्यांच्या अंगात फिरायची ताकद कुठली? भूतच हवं असेल तर जमीनदाराचं बघ. तो खाऊनपिऊन मेला."

हॅकेट मोठ्यानं हसला. "हे लिहून घे," तो बायकोला म्हणाला, "जाहिरातीत घालू."

बायकोनं मान खाली घातली. निघताना तिनं उरलेलं जेवण आम्हाला डब्यांत भरून दिलं. आम्ही आभार मानून घेतलं आणि पेग आजींच्या डुकरांना घातलं.