भिंगबुवांचा काळा डाग

हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल सकाळी नऊलाच गच्च भरला होता. जिन्यावर चपलांचा खच, आत पांढरा पडदा आणि पडद्यावर कुणाच्या तरी कोपरावरचा फोड, कलिंगडाएवढा. फोडाच्या वर, उजव्या कोपऱ्यात, काळा गोल डाग.

“बघा! बाधा!” भिंगबुवा गरजले.

“अगं बाई!” अख्खा हॉल पुढे झुकला.

बुवा म्हणजे गळ्यात कॅमेरा अडकवलेला, कडक इस्त्रीतला तुळतुळीत माणूस. “डॉक्टरांची यंत्रं मांस पाहतात. माझं सिद्ध भिंग बाधा पाहतं! कोणत्याही कॅमेऱ्याला लावा, सत्यच दाखवील!” मग बाटलीतलं तेल चोळायचं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचं आणि पुन्हा फोटो. डाग गायब! बाटली घ्या, पुढचे या.

मी देव मानणारी बाई आहे. कीर्तनाला बसले की घरदार विसरते. म्हणूनच लोक या माणसाला बुवा म्हणत तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्यांना मी बुवा म्हणते त्यांच्या गळ्यात देव असतो. याच्या गळ्यात नुसता पट्टा होता.

माझी धाकटी बहीण पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या टाचेवरचा तीळ चार महिन्यांत दुप्पट झाला होता, कडा वेड्यावाकड्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, सोमवारी काढू, तपासायला पाठवू, अजिबात थांबू नका. सोमवारी बाईसाहेब गेल्याच नाहीत. आदल्या दिवशी बुवांनी डाग घालवला होता ना!

“अगं, तीळ तर आहे तसाच आहे,” मी म्हणाले.

“ताई, बाधा गेली. तीळ आता आपोआप जाईल. तुझा देवावर विश्वास नाही का?”

“देवावर आहे. या मेल्यावर नाही.”

तिची मुलगी, माझी भाची, शाळेत विज्ञान शिकवते. किड्यांचे फोटो काढायला तिने नुकताच नवशिक्यांचा साधा कॅमेरा घेतला होता आणि बारीक वस्तू मोठी टिपणारी मॅक्रो लेन्स कोणती घ्यावी म्हणून महिनाभर माझं डोकं खाल्लं होतं. साठ मिलिमीटरची हलकी, पण किड्याच्या नाकाशी जावं लागतं, किडा उडून जातो. शंभरची लांबून काढते, पण जड, हात हलतो. एका दुकानदाराने तिला वर हेही सांगितलं होतं, की लेन्स बदलताना आत धूळ जाते, जपा.

बुवांनी दिलेले आईच्या टाचेचे दोन्ही फोटो, तेलाआधीचा आणि नंतरचा, तिने घरी तासभर न्याहाळले होते. “मावशी, पहिल्यात टाचेची रेघन्‌रेघ दिसते. दुसऱ्यात तीळ तेवढा स्पष्ट, बाकी सगळं धूसर.”

“बुवा म्हणतात, ते कृपेचं धुकं.”

“कृपेचं कसलं? पुटपुटताना कॅमेऱ्याचं चाक फिरवलंय त्याने!”

आणि आज, भर हॉलमध्ये, तिने हात वर केला.

“बुवा, मला नवीन लेन्स घ्यायचीय. तुमचं भिंग माझ्या कॅमेऱ्याला लावून बघू? बसतं ते. तुम्हीच म्हणालात, कोणत्याही कॅमेऱ्याला लावा.”

बुवा हसले, पण ओठांपुरतेच. “पोरी, सिद्ध वस्तू आहे ती.”

“द्या की!” मागून एक रिक्षावाला ओरडला. “बघू तर खरं!”

नाइलाजाने भिंग तिच्या हाती आलं. तिने पडद्याची वायर आपल्या कॅमेऱ्यात घातली आणि त्याच कोपराचा फोटो काढला. फोड तेवढाच मोठा. डाग? नाही!

मग तिने बुवांचा कॅमेराही मागून घेतला, आपली साधी लेन्स त्याला लावली आणि वायर परत त्यात घातली. समोर फोड नाही, माणूस नाही. वहीचा कोरा कागद. खटॅक. पडद्यावर पांढराशुभ्र कागद आणि उजव्या कोपऱ्यात तोच काळा डाग.

“कागदालाही बाधा झाली का हो, बुवा?” रिक्षावाल्याने विचारलं.

“तुझी लेन्स अपवित्र आहे!” बुवा किंचाळले.

“भिंगात काहीच नाही,” भाची म्हणाली. “कॅमेऱ्याच्या पोटात, जिथे चित्र उमटतं त्या पाटीवर धुळीचा कण बसलाय. हे चाक फिरवून प्रकाशाचं छिद्र बारीक केलं की त्याची सावली ठसठशीत पडते. मोठं केलं की पसरून दिसेनाशी होते. हे बघा.”

तिने चाक फिरवलं, पुन्हा फोटो काढला. डाग गेला. पुन्हा उलटं फिरवलं, डाग हजर. तेल नाही, मंत्र नाही.

माझी बहीण खाली वाकून टाचेकडे बघत होती. “म्हणजे माझं... काहीच गेलं नव्हतं?”

“नाही, आई.”

तिने पिशवीतली बाटली काढून खुर्चीखाली ठेवली. “रिक्षा आहे का खाली?” तिने त्या रिक्षावाल्याला विचारलं. “दवाखान्यात सोडा.”

दुसऱ्या दिवशी तीळ काढला. तपासणीचा निकाल यायचा आहे. “आठ दिवस फुकट घालवलेत,” डॉक्टर एवढंच म्हणाले. त्या आठ दिवसांसाठी मी त्या लबाडाला कधीच माफ करणार नाही.

देवाला हात जरूर जोडा, मीही जोडते. पण कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याच्यासमोर एक कोरा कागद धरून बघा.