लाल वायरीतला आवाज

मी चोर होतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा ते बरं. पंधरा वर्षं मी म्हैसूरमधल्या मराठी घरांतल्या लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकाही घराला त्यांच्या लग्नाचा खरा आवाज ऐकू दिला नाही. तेव्हाची रीतच तशी होती. शूटिंग झालं की दुकानात बसून कॅसेट मिक्स करायची. म्हणजे वरातीवर नाचाचं गाणं, सप्तपदीवर बासरी, पाठवणीवर रडकं गाणं. ही गाणी आम्ही सरळ बाजारातल्या कॅसेटींवरून उचलायचो. परवानगी हा शब्द आमच्या धंद्यात फक्त हॉलच्या मॅनेजरपुरता होता. गिऱ्हाईकही खूश. आपली काळुंद्री आत्या पडद्यावर चालतेय आणि मागे लता-आशांच्या तोडीचा गळा लागलाय, कुणाला नको असेल?

पण एका लग्नात आजोबांनी दिलेल्या आशीर्वादावर मी ढोलाचं गाणं घातलं आणि त्या घरच्या भुजंगरावांनी दुकानात येऊन मला असा फैलावर घेतला की शेजारच्या कॉफीवाल्यानं गिऱ्हाइकं सोडून ऐकलं. तेव्हापासून मी एक शहाणपणा केला. टेपला आवाजाच्या दोन बाजू असतात, डावी आणि उजवी. डावीवर मी गाणं घालायचो आणि उजवीवर हॉलमधला खरा आवाज तसाच ठेवायचो. घरोघरच्या टीव्हीला आवाजाची एकच वायर लागायची, पांढरी, म्हणजे डावीची. उजवीची लाल वायर कुठल्यातरी डब्यात पडलेली. त्यामुळे लोकांनी वर्षानुवर्षं गाणीच ऐकली आणि त्यांची खरी लग्नं लाल वायरीत बंद राहिली. मीही हे विसरून गेलो.

गेल्या फेब्रुवारीत सहना आली नसती तर विसरलेलाच राहिलो असतो.

सहना म्हणजे हिनकलच्या प्रणेशची मुलगी. सत्तावीस वर्षांची, कॉलेजात शिकवते. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि बोलताना दोन्ही एकाच घासात. तिची आई हरिणी, सहना दीड वर्षांची असतानाच गेली. सव्वीस दिवसांवर सहनाचं लग्न आलं होतं आणि त्यात तिला आईचा व्हिडिओ लावायचा होता. तिनं फोन माझ्यापुढे धरला. आजीच्या घरी टीव्हीवर आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट लावून ती तिनं फोनमध्ये घेतली होती, आणि त्यानंतर ती जुनी कॅसेट मशीनमध्ये गुंतून फाटली होती. पडद्यावर हरिणी हिरव्या शालूत, मुंडावळ्या एका कानामागे सरकलेल्या. बायकांनी घेरलंय, ती लाजत काहीतरी म्हणतेय, सगळ्या हसतायत. आणि मागे गाणं, मी घातलेलं.

"काका, अम्मा इथे उखाणा घेतेय ना? काय म्हणतेय? मी शंभरदा बघितले. ओठ वाचता येतात काय म्हणूनही बघितले. घरी कुणालाच आठवत नाही. अप्पा म्हणतात, त्यांचं सगळं लक्ष चपलांकडे होतं, साळ्या पळवतील म्हणून."

"तुझ्याकडे तिचा दुसरा आवाज नाही?"

"कुठला? तेव्हा कुणाकडे फोन होते? अम्माचा आवाज मला आठवतच नाही, काका. जरापण नाही."

मी टुणकन उठलो. म्हटलं, बस. तुझ्या आईचा आवाज आहे. लाल वायरीत आहे.

आणि मग तिच्या डोळ्यांदेखत माझी फजिती झाली. सहा वर्षांपूर्वी जुनं दुकान सोडताना मी तीनशे अठरा लग्नांच्या मूळ टेपा कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या, दोन्ही बाजूंसकट. त्या इंटरनेटवरच्या एका व्हिडिओ साइटवर चढवल्या, ज्याच्याकडे लिंक असेल त्यालाच दिसतील अशा. टेपांना बुरशी लागली होती, त्या भंगारात दिल्या. पुढच्या टेपांना जागा हवी म्हणून हार्ड डिस्कही वेळोवेळी पुसली. वर ठेवलंय ना, मग खाली कशाला? माझ्यासारखा हुशार माणूस दुसऱ्याच्या माडीवर धान्य ठेवतो आणि स्वतःची कणगी मोडून टाकतो.

मी साइट उघडली. पडद्यावर लाल पट्टी होती. माझ्या खात्यावर हक्कभंगाच्या तीन तक्रारी आल्या होत्या. सात दिवसांत हरकत घेतली नाही तर खातं आणि त्यातलं सगळं कायमचं पुसलं जाईल. तक्रार झालेले व्हिडिओ तोवर बंद. बघता येणार नाहीत, उतरवूनही घेता येणार नाहीत. तिसरी तक्रार हरिणीच्या लग्नावर होती.

सहनानं फोन पर्समध्ये ठेवला. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी चष्मा पुसून तक्रारी वाचल्या. पहिल्या दोन बरोबर होत्या. दोन लग्नांतली दोन सिनेमाची गाणी, मुंबईच्या एका संगीत कंपनीच्या मालकीची. चोराला चोर म्हटलं तर राग कसला? तिसरीत मात्र सिनेमाच्या गाण्याचं नावच नव्हतं. त्याच कंपनीनं हरिणीच्या लग्नातली मंगलाष्टकं आपली म्हणून सांगितली होती. एकोणिसाव्या मिनिटापासून सव्विसाव्या मिनिटापर्यंत. तेवढ्यासाठी पावणेतीन तासांचं अख्खं लग्न कुलपात. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे तर ओलंच आधी पेटवलं होतं.

"मंगलाष्टकं कुणी म्हटली होती?" मी विचारलं.

"गोदाआत्यांनी. अम्माच्या आत्या. पिरियापट्टणला असतात."

कंपनीचा नंबर तक्रारीत होता. फोन कायदा विभागातल्या विश्वजीत नावाच्या माणसानं घेतला. आवाज गोड, मराठी स्वच्छ, मुंबईचं.

"सर, अगदी सोपं आहे. या रेकॉर्डिंगमधला आवाज आमच्या कंपनीच्या मालकीचा आहे, एवढं मान्य असल्याचं लिहून पाठवा. आम्ही तक्रार मागे घेतो. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ तुम्हाला दिसायला लागेल, फक्त खाली आमचं नाव येईल."

"पण ती मंगलाष्टकं मुलीच्या आत्यानं म्हटलीत हो. तुम्ही ऐकलीत का?"

"सर, ऐकत कोण बसणार? रोज हजारो येतात. आमची मंगलाष्टकांची कॅसेट आहे, सिस्टीमनं चाल जुळवली. जुळली म्हणजे आमची."

शार्दूलविक्रीडिताची चाल! जी माझ्या पणजोबांच्या लग्नात म्हटली गेली, जी तंजावरापासून ग्वाल्हेरपर्यंत प्रत्येक मांडवात म्हटली जाते, ती यांची! माझी कानशिलं तापली. पण हरायचीही घाई असते माणसाला. मला वाटलं, जाऊ दे, पोरीला आवाज मिळतोय ना? मी फोनवर हात ठेवला आणि सहनाला म्हटलं, "लिहून देतो. कागदच तर आहे. संध्याकाळी आईचा आवाज ऐकशील."

"बेडा," ती म्हणाली. नको. मग मराठीत, एकेक शब्द तोलून, "काका, सुम्ने, उगाच सही करू नका. अम्माचा आवाज त्यांचा म्हणून लिहून द्यायचा आणि मग तोच माझ्या लग्नात लावायचा? मग लग्नात कोण बोलणार, अम्मा की कंपनी?"

"हरकत घेतली तर दहा कामाचे दिवस लागतील. ते कोर्टात गेले तर वर्षं लागतील. तुझं लग्न होऊन जाईल."

"जाऊ दे. सत्तावीस वर्षं थांबले अलवा? अजून थांबते."

मी विश्वजीतला सांगितलं की लिहून देणार नाही. तो म्हणाला, सर, नीट विचार करा, हरकतीच्या अर्जात तुमचं नाव-पत्ता आम्हाला मिळतो. मी म्हटलं, लिहून घ्या, आत्ताच सांगतो. आणि सांगितला, पिनकोडसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही पिरियापट्टणला गेलो. गोदाआत्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, पण खडू अजून हातातच असल्यासारख्या बोलतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांच्या कॅसेटीत हरिणीचं नाव आहे काय? बघून सांग म्हणावं."

मला कळेना. त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या ट्रंकेतून एक गुलाबी कागद घेऊन आल्या. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे मंगलाष्टकं बाजारातून आणत नाहीत. घरातलं कुणीतरी त्या लग्नापुरती रचतं, त्यात वधू-वरांची नावं गुंफतं, आणि ती छापून अक्षतांबरोबर मांडवात वाटतात. लग्न संपलं की त्याच कागदात कुणी लाडू बांधून नेतं. गोदाआत्यांनी एक जपून ठेवला होता. खाली छापखान्याचं नाव, लग्नाची तारीख, आणि 'रचना व गायन : सौ. गोदा'. वर दुसऱ्याच कडव्यात,

कावेरीतटिची सुता हरिणि ही आली सुखाच्या घरी

"आठ कडवी. चार रात्री घालवल्या मी," आत्या म्हणाल्या. "आणि हे कोण मुंबईचे? हरिणीला मांडीवर घेतले होते काय त्यांनी? तिला ताप आला तेव्हा आले होते काय?" मग कागद सहनाच्या हातात देऊन म्हणाल्या, "घेऊन जा. पण परत आण. एकच आहे."

त्याच दुपारी मी हरकतीचा अर्ज लिहिला. बायको म्हणाली, हे विकतचं दुखणं आहे, पहिली दोन गाणी चोरलीत हे त्यांना माहीत असताना कोर्टाच्या तोंडी कशाला जाता? तिचं खरं होतं. म्हणून ते मी सगळ्यात आधी लिहिलं. लिहिलं की, ती दोन गाणी तुमची आहेत. मी न विचारता वापरली, चूक केली, ते दोन्ही व्हिडिओ काढून टाका, माझी तक्रार नाही. बाकीच्या लग्नांतली गाणीही मी एकेक करून काढीन. पण हरिणीच्या लग्नातली मंगलाष्टकं हरिणीच्या आत्यानं रचली, तिनंच म्हटली, सोबत छापील कागद जोडला आहे. तुमच्या कॅसेटमध्ये हरिणी आणि प्रणेश यांचं लग्न लागलं असेल तर कृपया ती कॅसेट मला पाठवावी. खोटं असेल तर माझ्यावर खटला भरावा. खाली सही केली, भीमसेन. अर्ज पाठवला आणि शेंडी तुटो की पारंबी तुटो म्हणून बसलो.

ते दिवस वाईट गेले. सहना रोज कॉलेजवरून येताना दुकानात डोकवायची, माझ्या तोंडाकडे बघायची आणि जायची. मी बसल्या बसल्या उघड्या राहिलेल्या लग्नांचे व्हिडिओ एकेक करून खाली उतरवून घेत होतो, दोन वेगवेगळ्या डिस्कवर. एकदा जीभ पोळली की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो.

नवव्या दिवशी सकाळी दोन ओळींचं पत्र आलं. कंपनीनं तिसरी तक्रार मागे घेतली होती. कारण नाही, क्षमा नाही, काही नाही. व्हिडिओ उघडला गेला होता. मी आधी तो उतरवून घेतला, दोन्ही डिस्कवर, आणि मगच सहनाला फोन केला.

ती वडिलांना घेऊन आली. प्रणेशनं कडकोळच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी काढली होती, कपडे तेच, कामावरचे. कुणी कॉफी घेतली नाही. मी डावी बाजू बंद केली. गाणं गेलं. खोलीत एकदम तीस वर्षांपूर्वीचा हॉल आला. भांडं पडल्याचा आवाज, कुणीतरी "नागोजीरावांना जेवायला बोलवा" म्हणतंय, एक पोर रडतंय. मग बायकांचा गलका. घे गं, घे, लाजतेस काय. आणि मग एक आवाज, मी समजत होतो त्यापेक्षा जाड, थोडा घोगरा, हसू दाबत बोलणारा.

"चामुंडीच्या पायऱ्यांवर मोठा बसला नंदी,
प्रणेशरावांचं नाव घ्यायची आज मिळाली संधी."

सहनाचा हात तोंडावर गेला. तिचा स्वतःचा आवाज तसाच आहे, जाड, घोगरा. तिला तो कधीच आवडला नव्हता. प्रणेश खाली मान घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

मी थांबवायला हात पुढे केला. उखाणा संपला होता. पण टेप संपली नव्हती. हरिणी कॅमेऱ्याकडे वळली, सरळ माझ्याकडे बघून बोलली. गाण्याखाली हे कुणीच ऐकलं नव्हतं.

"भीमसेनअण्णा, ह्याच्यावर गाणं घालू नका हां. एवढं माझं राहू दे."

आणि कॅमेऱ्यामागून एका तरुण माणसाचा घाईतला आवाज आला. "नाही घालत ताई. आयतु, ठरलं."

तो माझा आवाज होता. मी शब्द दिला होता आणि चार दिवसांनी दुकानात बसून तिच्यावर गाणं घातलं होतं. दहा दिवस मी मुंबईच्या माणसावर तडकत होतो, की न ऐकता दुसऱ्याचा आवाज आपला म्हणतोस. त्यानं निदान ऐकलं नव्हतं.

सहना माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ही उठून जाईल, आणि गेली तर बरोबरच आहे. तिनं डोळे पुसले.

"परत लावा, काका."

मी आधी डावी बाजू निवडली आणि कायमची पुसून टाकली, दोन्ही डिस्कवरून. मग परत लावलं.