टाकीचं मरून कव्हर

आमच्या मोटरसायकलच्या टाकीला मी मरून रंगाच्या रेक्झिनचं कव्हर शिवलं होतं. त्याला आता पन्नास वर्षं होतील. शिवण मला ताईनं शिकवलं. आई लवकर गेली, त्यामुळे वेणी घालण्यापासून काजं करण्यापर्यंत सगळं मी ताईकडेच शिकले. तिचा एकच हेका असे, "शिलाई अशी हवी, की फुंकर मारली तरी पलीकडे जाता कामा नये." चुकलं की उसवायला लावायची. पण उसवताना शेजारी बसून राहायची, एकटीला उसवू द्यायची नाही.

ही ताई नवरा आणि वर्षाच्या मुलासह कायमची समुद्रापलीकडे निघाली होती. बोट दुपारी चारला सुटणार होती. तिनं पत्रात लिहिलं होतं, "वेळेत ये. माझी मोठी कात्री तुला द्यायची आहे. पोस्टानं पाठवणार नाही, हातात देणार." आमच्या घरापासून बंदर दोनशे किलोमीटरवर होतं.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवणारा माणूस. मोटरसायकल म्हणजे त्यांच्या लेखी अंगानं मोठं झालेलं घड्याळच. मागच्या एका प्रवासात टाकीवर ओरखडे उठले होते आणि झाकणातून पाणी आत गेलं होतं. म्हणून ताईकडे जायच्या आठवड्यात मी ते कव्हर शिवायला घेतलं. पेट्रोलच्या झाकणावर खास एक झापड केली. आतून रबराचा पातळ तुकडा, वरून रेक्झिन, कडेनं गोट आणि चार टिचबटणं. पेट्रोल भरायचं तर बटणं काढायची, एरवी घट्ट बंद.

"बघा, एक थेंब आत जायचा नाही," मी म्हटलं.

"थेंब? अगं, मुंगीसुद्धा दार वाजवून परत जाईल," हे म्हणाले. शिवणातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण कौतुकात कधी कसर नसायची.

सकाळी आठला निघालो. डब्यात पोळीभाजी, माझ्या मांडीवर ताईच्या मुलासाठी शिवलेली झबली. पहिले तीसेक किलोमीटर गाडी कशी मुकाट चालली. मग चढावर तिचा जोर गेला. पायाला इंजिनाची धग लागायला लागली आणि सायलेन्सरमधून एकदम फाट! असा आवाज झाला. मी ह्यांची कंबरच धरली. पुन्हा फाट! फाट! रस्त्याच्या कडेला खडी टाकणाऱ्या बायका काम सोडून उभ्या राहिल्या.

"ओ दादा, लढाईवर चाललात का?" एकीनं ओरडून विचारलं.

"नाही हो, मेहुणीला भेटायला," हे म्हणाले.

"मग बरोबर आहे," ती म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. तेव्हा दहासुद्धा वाजले नव्हते.

गाडी सावलीत लावली. इंजिन इतकं तापलं होतं की हात धरवत नव्हता. निवायला अर्धा तास गेला. ह्यांनी प्लग काढून भिंगाखाली धरला. "टोक पांढरंफटक पडलंय. तांबूस असायला हवं. हिला पेट्रोल कमी पडतंय." मग झापड उघडून झाकण फिरवलं, तर फस्स असा बारीक आवाज आला. आत डोकावून म्हणाले, "टाकी तर निम्म्याहून जास्त भरलेली आहे." झाकण लावलं, मी चारही बटणं दाबून बसवली. एका किकमध्ये गाडी सुरू झाली.

वीस किलोमीटर गेलो आणि पुन्हा तेच. धग, खेचणं बंद, फटाके. ह्या वेळी कार्बोरेटर उघडला. त्यातली वाटी जवळजवळ कोरडी होती. नळीतून फुंकून पाहिलं, जाळी धुतली, रुमालावर एकेक भाग ओळीनं मांडला, दुकानात मांडायचे तसा. मी घड्याळाकडे बघत होते.

"अहो, साडेअकरा झाले."

"दिसतंय मला."

"ताई काय म्हणेल?"

"ताई म्हणेल, घड्याळजीशी लग्न केलं आणि वेळेला मुकली."

मला हसू आलं नाही. पुन्हा झाकण उघडून पेट्रोल बघितलं, पुन्हा फस्स, पुन्हा गाडी शहाण्यासारखी सुरू. आणि पुन्हा वीस किलोमीटरनंतर बंद. चौथ्यांदा थांबलो तेव्हा दोन वाजून गेले होते आणि अर्धा रस्ता अजून बाकी होता. मी रस्त्यातच रडायला लागले.

ह्यांनी झापड उघडली, झाकण हळूच फिरवलं आणि कान खाली नेला. फस्स. मग झाकण हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. माझ्या शिलाईवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "समोरच्या चहाच्या दुकानातून पाणी आण ना. घसा सुकलाय."

मी पाणी घेऊन आले तर हे बटणं लावत होते. तोंडावर घाम होता.

"झालं काम," म्हणाले. "कार्बोरेटरमध्ये कचरा होता. निघायच्या आधी साफ करायला हवा होता. चूक माझीच."

"काल अख्खी संध्याकाळ लोकांची घड्याळं करत बसलात! स्वतःची गाडी बघता नाही आली?"

"चुकलंच माझं. बस, बस लवकर."

त्यानंतर गाडीनं एकदाही खोकलं नाही. जीव खाऊन चालवली त्यांनी. बंदराच्या फाटकात शिरलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. धक्का रिकामा झाला होता. बोट पाण्यावर काडेपेटीएवढी दिसत होती. ताईनं पिवळा रुमाल हलवायचं ठरवलं होतं. मी डोळे फाडफाडून पाहिलं. पिवळं काहीच दिसलं नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला नखशिखान्त न्याहाळलं आणि कागदात गुंडाळलेली कात्री पुढे केली. "तुमच्याच बहीण ना? हुबेहूब चेहरा आहे. बोटीच्या जिन्यावर शेवटच्या त्याच चढल्या. दोनदा खाली आल्या परत."

दोनदा खाली आली. हे वाक्य मी आजवर किती वेळा मनात घोळवलं असेल, त्याला हिशेब नाही.

ताई परत आली नाही. पत्रं येत, मुलाच्या उंचीच्या खुणा केलेले दोरे येत. अकरा वर्षांनी ती तिकडेच गेली. ती बातमी आली त्या दिवशी मी ह्यांच्यावर तुटून पडले. "तुमच्या त्या कचऱ्यापायी माझी शेवटची भेट हुकली." हे उठून घरालगतच्या दुकानात गेले आणि एकेका घड्याळाला किल्ली देत बसले. पलीकडून ती करकर मला ऐकू येत होती.

पुढे दुःख बोथट झालं आणि त्याचा किस्सा झाला. पाहुणे आले की मी सांगायची, "आमच्याकडे गाडीत कचरा असतो आणि दुकानात घड्याळं." लोक हसायचे. हे म्हणायचे, "चूक माझीच." ताईच्या मुलानं आता पन्नाशी ओलांडलीय, दर रविवारी तिकडून फोन करतो. त्याचीही फर्माईश ठरलेली असते, "मावशी, काकांच्या कचऱ्याची गोष्ट सांग." त्या गोष्टीत त्याची आई जिन्यावरून दोनदा खाली येते ना, म्हणून.

हे जाऊन आता सहा वर्षं झाली. गाडी जिन्याखाली चादर पांघरून उभी होती. गेल्या महिन्यात नातीनं ती बाहेर काढली. तिला त्या गाडीवरून लांब फिरायला जायचंय. रोज संध्याकाळी पाने-पकडी पसरून बसते आणि मी खुर्ची टाकून बघते. परवा तिनं टाकीचं कव्हर काढलं. ते काढून धुवायचं काम नेहमी हे स्वतः करत, मला हात लावू देत नसत. मला वाटे, जपतात.

"आजी, ही बारीक कडी तू लावलीस का?"

तिनं झापड उलटी करून दाखवली. गोटाच्या दुमडीखाली, वरून दिसणार नाही अशा जागी, रेक्झिन आणि रबर यांच्या आरपार एक छिद्र होतं. त्यात मसुराच्या दाण्याहून लहान पितळी कडी ठोकून बसवली होती, भोक फाटत जाऊ नये म्हणून. तसल्या कड्या मी आयुष्यभर पाहिल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळांच्या आतून निघायच्या त्या.

"मी नाही लावली," मी म्हटलं. "कशाला असेल गं?"

"अगं, पेट्रोलच्या झाकणाला सुईएवढं भोक असतं. तिथून हवा आत गेली तरच पेट्रोल खाली उतरतं. ही झापड इतकी घट्ट आहे ना, बटणं लावली की ते भोक बंदच. मग पेट्रोल अडतं, इंजिन तापतं आणि सायलेन्सर फाट फाट वाजतो. झाकण उघडलं की हवा शिरते, थोडा वेळ ठीक, मग पुन्हा तेच. आजोबांना कळलं असणार." ती कौतुकानं कडीवर नख फिरवत होती. "काय बारीक काम आहे! पण कव्हर काढून फेकलं असतं तरी चाललं असतं की."

मी झापड हातात घेतली. मला पाणी आणायला पाठवून भोक पाडलं असणार, कडी मागाहून दुकानात बसवली असणार. माझी शिलाई अजून धड होती. फुंकर मारली तरी पलीकडे जाणार नाही अशी. मी कडीवर तोंड ठेवून फुंकलं. पलीकडे धरलेल्या तळहाताला बारीकसा वारा लागला.

"आजी, काय झालं?"

"काही नाही. तू तुझं काम कर."

हे शेजारी बसून असते तर मी काय बोलले असते, कोण जाणे. बहुतेक भांडलेच असते, की एवढी वर्षं मला बोलू का दिलंत.

काल रविवार होता. फोन आला. "मावशी, पाऊसपाणी, तब्येत, सगळं ठीक ना? मग होऊन जाऊ दे काकांच्या कचऱ्याची गोष्ट."

"थांब," मी म्हटलं. खुर्ची ओढून फोनजवळ घेतली. "ती मी चुकीची सांगत आले रे इतकी वर्षं. आता उसवून पहिल्यापासून सांगावी लागेल. तुला वेळ आहे ना?"

"आहे की," तो म्हणाला. "मी बसलोय."